आवाज थांबला की हात थांबला

"लेफ्ट... अजून जरासं लेफ्ट... स्लो... स्टॉप!"

कँटीनच्या दारातून दोन सुतार एक कपाट आत घालायची खटपट करत होते आणि एक उंच, पाठमोरा माणूस त्यांना वाट दाखवत होता. माझा चहाचा पेला ओठांपाशीच थांबला. हा आवाज गेले दोन महिने रोज आठ तास माझ्या कानात होता. चेहरा मात्र आज पहिल्यांदा दिसणार होता... आणि तो वळला तेव्हा मी उगाचच पेल्यात डोकावले.

मी टॉवर क्रेन चालवते. सगळ्या बांधकामाच्याही वर, काचेच्या केबिनमध्ये एकटी बसते, म्हणून मला 'वरच्या बाई' म्हणतात. तिथून खालची माणसं म्हणजे नुसत्या पिवळ्या टोप्या. इमारतीच्या मागच्या अंगाला तर टोपीही दिसत नाही. तिकडचा माल चढवायचा-उतरवायचा तो वायरलेसवरच्या आवाजाच्या भरवशावर. कामाला माणसं दहा ठिकाणची, बोली दहा तऱ्हांच्या, म्हणून कामाचे शब्द इंग्रजी आणि तेही मोजकेच — अप-डाऊन, लेफ्ट-राइट, इन-आऊट, स्लो, स्टॉप.

आणि नियम एकच. माझे बाबा जन्मभर क्रेनवर होते, त्यांनीच तो मला शिकवला. माल हलत असेपर्यंत खालच्या माणसाने शब्द म्हणतच राहायचं. आवाज थांबला की हात थांबला.

हा माणूस 'डाऊन' असं काही म्हणायचा की दोन टनांचा भाराही झोपलेल्या बाळासारखा जमिनीला टेकायचा. आवाजात घाई नाही, चढेलपणा नाही. मी त्या आवाजावर आंधळा विश्वास टाकत आले होते.

"तुम्ही... मागच्या बाजूचे?" मी विचारलं.

"आणि तुम्ही वरच्या बाई?" तो मला पाहून गोंधळला. मी जेमतेम त्याच्या खांद्याला लागत होते. "आवाजावरून वाटलं होतं, चांगल्या उंच असाल."

"असते ना. आठ ते पाच."

तो हसला. झालं, माझा चहा निवला.

त्याच्या खिशात कायम एक वही आणि पेन्सिल. सुपरवायझरची परीक्षा इंग्रजीत असते, म्हणून तो दिसेल ते, ऐकेल ते टिपून ठेवायचा. सगळे त्याला मास्तर म्हणायचे. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्याने वही माझ्यापुढे सरकवली.

"बघा बाई, आपले हे क्रेनचे शब्द इंग्रजी माणूस घरीदारी कसे वापरतो! उदास झाला, चीअर अप. चिडला, कूल डाऊन. नटला, ड्रेस अप. गाडी बंद पडली, ब्रेकडाऊन."

"म्हणजे त्यांचा आनंद वरच्या मजल्यावर राहतो आणि शांतता तळमजल्यावर."

"हे लिहून घेतो," तो म्हणाला — आणि खरंच लिहून घेतलं! आजवर माझं बोलणं कुणी नीट ऐकून घेतलं नव्हतं, लिहिणं तर दूरच. माझी विकेट तिथेच पडली.

मग रोज एक जोडी.

"अप्स अँड डाउन्स," तो एकदा म्हणाला. "आयुष्यातले चढ-उतार. आपणही आधी चढच म्हणतो, नाही?"

"जीव मात्र खालीवर होतो. आधी खाली."

"तुमचा कधी होतो?"

"होतो... माल जड असला की."

त्याने वहीत डोकं खुपसलं. कान लालबुंद.

"बरं मास्तर, काही माणसं बोलायच्या वेळी फार मागेपुढे करतात. त्यांना इंग्रजीत काय म्हणतात?"

"बघून... सांगतो," तो म्हणाला.

"एकदा वर या की. नदीचं वळण दिसतं तिथून."

"नको बाई. शिडीच्या तिसऱ्या पायरीवरच मला घेरी येते. म्हणून तर खालचं काम धरलं." लपवाछपवी नाही, फुशारकी नाही. मला त्याचं ते सरळ सांगणंही आवडलं.

इमारत पुरी होत आली. सोमवारी क्रेन उतरवायला घेणार होते आणि मला दुसऱ्या शहरात नव्या कामावर जायचं होतं. मी त्याला सांगितलं नव्हतं. तो आधी काही बोलेल, मग सांगू... असं म्हणता म्हणता शुक्रवार उजाडला.

त्या दिवशी मागच्या अंगाला लोखंडी पाइपांचा भारा उतरवत होते.

"डाऊन... डाऊन... डाऊन..."

आणि आवाज थांबला.

माझा हात थांबला. भारा माझ्या नजरेआड कुठेतरी अधांतरी. "मास्तर? मास्तर, बोला!" काही नाही. कोण कशाखाली सापडलं?

"बाई..." शेवटी आवाज आला. "तुम्ही सोमवारी जाणार? आत्ता कळलं मला."

"भारा लटकतोय इथे! डोकं ठिकाणावर आहे का तुमचं?"

"मास्तर, कामाचं बोला!" मध्येच वायरलेसवर साइटचे साहेब कडाडले.

"...डाऊन. डाऊन. स्टॉप." पाइप टेकले.

"बोलायचं असेल ते वर येऊन बोला," मी रागाच्या भरात म्हटलं. "वायरलेसवर नाही!"

म्हटलं आणि जीभ चावली. जे त्याला जमणार नव्हतं, नेमकं तेच मी मागून बसले होते, आणि तेही वायरलेसवर सगळ्यांना ऐकू जाईल असं.

शनिवारी तो कँटीनमध्ये दिसला नाही. मी डबा घेऊन वर गेले. इतक्यात वायरलेस खरखरला.

"बाई, मी गच्चीवर आहे. लिफ्टने आलो, डोळे मिटून. साहेबांना विचारलंय, पट्टा बांधलाय. आता तुमची शिडी. साठ पायऱ्या... शब्द म्हणाल?"

मी दार उघडून खाली पाहिलं. एक पिवळी टोपी, शिडीला घट्ट बिलगलेली.

मी वायरलेसचं बटण दाबलं. "अप... अप... अप..."

दोन महिने हा माणूस माझ्यासाठी हेच करत होता. एकच शब्द न थकता म्हणत राहायला केवढी माया लागते, ते मला तेव्हा कळलं.

चाळिसाव्या पायरीवर टोपी थांबली.

"डाऊन म्हणा," तो खालून ओरडला.

"म्हणेन. सांभाळून उतरवेन, कुणी हसणार नाही. म्हणू?"

वारा सुटला होता. शिडी किंचित हलली.

"...नको."

"अप," मी म्हटलं. माझे डोळे भरून आले होते.

तो दारात पोचला तेव्हा चेहरा पांढराफटक, डोळे गच्च मिटलेले, दोन्ही हातांनी चौकट धरलेली.

"उघडा डोळे."

"आधी बोलतो. नव्या कामावर तुम्हाला खालचा माणूस लागेल. मी काल अर्ज दिला. तुम्ही नको म्हणालात तर परत घेईन. पण बाई, मला... दुसऱ्या कुणासाठी डाऊन म्हणायचं नाही. तुम्ही आवडता मला. फार."



"इन," मी कसंबसं म्हटलं. "आत ये आधी. आणि हे 'तुम्ही' खालीच ठेवून यायचं होतं."

त्याने डोळे उघडले. नदीचं वळण समोरच होतं, पण तो माझ्याकडेच पाहत राहिला.

मग माझ्या लक्षात आलं — माझं बोट अजून बटणावरच होतं! बोट उचललं तर खालून शिट्ट्यांचा नुसता कल्लोळ, आणि साहेबांचा आवाज, "वरच्या बाई, सगळं ऐकू आलं. अर्जावर मी आत्ताच सही करतोय."

उतरताना मी खाली, तो माझ्या वर. साठही पायऱ्या मी डाऊन म्हणत होते आणि एकदाही थांबले नाही.

संध्याकाळी नेहमीसारखा बाबांचा फोन आला. "आलीस का गं खाली?"

"आले बाबा. आणि एकाला घेऊन आले."

"जड होता?"

"नाही हो... पण जपून आणावा लागला."

"मग आता आवाज थांबू देऊ नका," बाबा म्हणाले. "दोघांनीही."