शेवटच्या पानावरची टाळी

माझ्या लाडक्या लेखकाची नवी भयकादंबरी. तिचं ऑडिओबुक मीच वाचणार, असा हट्ट धरून मी काम मिळवलं, आणि ती निघाली अगदी पाणचट. एक माणूस खोलीत अडकतो, दार उघडत नाही. संपलं.

"दोनशे पानं झाली, अजून पूर्वरंगच चाललाय," मी माइकमध्ये म्हणाले. "आख्यान कधी लागायचं?"

"भूत रजेवर असेल, ताई," काचेपलीकडून रेकॉर्डिंगवाले दादा हसले.

एकच पान उरलं होतं. तीन वाजले होते. चारला आईला ऑपरेशनसाठी आत नेणार होते. "तू आल्याशिवाय मी काही आत जायची नाही," असं तिनं फोनवर बजावलं होतं.

आमची एक रीत आहे. वाचताना चुकलं, की वाचणाऱ्यानं टाळी वाजवायची आणि वाक्य पहिल्यापासून घ्यायचं. टाळीची उंच रेघ पडद्यावर उठते, चुकलेला भाग दादांना पटकन सापडतो.

"तो उठला आणि दाराकडे गेला," मी वाचलं.

"काय चुकलं?" दादांनी विचारलं.

"कुठे काय?"

"मग टाळी का वाजवलीत?"

माझे दोन्ही हात पुस्तकावर होते. दादांनी ऐकवलं. माझा आवाज, आणि त्याला लागून टाळी. कोरडी, अगदी कानाजवळची.

पुन्हा वाचलं. या वेळी मीही ऐकली. हात पसरले तर दोन्ही भिंतींना टेकतील एवढी ती खोली, आणि आत मी एकटी.

देवाचं नाव घेतलं. सात वेळा वाचलं, सातही वेळा टाळी. साडेतीन झाले.

"राहू दे दादा, उद्या बघू. आई वाट बघतेय."

"पळा ताई, होईल सगळं नीट."

मी हेडफोन काढले, पुस्तक मिटलं, उठले आणि दाराकडे गेले. मुठीला हात लावला.

टाळी.

मी खुर्चीत होते. कानांवर हेडफोन. पुस्तक उघडं.

पुन्हा उठले.

टाळी.

पुन्हा.

टाळी.

मोजणं मी कधीच सोडलं. आईचा चेहरा डोळ्यांपुढे धरायचा आणि उठायचं, एवढंच. मग एकदा उठताना गुडघे कुरकुरले. पानावरची अक्षरं पुसट दिसू लागली होती.

टाळी.

काचेपलीकडे कुणी अनोळखी बाई बसली होती. तिनं मायेनं हसून बटण दाबलं.

"दमलात का आजी? घ्या, वाक्य पहिल्यापासून."