दुसरं टोक

ऐकीव गोष्ट नाही ही. माझ्या सख्ख्या साडूबरोबर घडलेली आहे, आणि तिच्यात थोडा हात माझाही आहे. म्हणून तर इतके दिवस दाबून ठेवली.

मी वायरी विकणारा माणूस. शाळा सातवीत सुटली, बाकीचं गिऱ्हाइकांनी शिकवलं. साडू एका मोठ्या हॉस्पिटलात कॉम्प्युटरचं जाळं सांभाळायचा. इमारती दोन, जुनी आणि नवी. सगळ्या पेशंटांचे एक्स-रे, स्कॅन जुन्या इमारतीच्या तळघरात साठवलेले. तिथून नव्या इमारतीत जायला दोन लाइनी. एक जुनी, अरुंद. दुसरी नवी, ऐसपैस. तार मीच पुरवलेली.

"पण काका, कुठल्या लाइनीनं जायचं हे मशीनला कसं कळतं?" आमच्या पुतणीनं विचारलं.

शहाणी आहेस. प्रत्येक लाइनीला एक आकडा लावतात, खर्चाचा. ज्या वाटेचा खर्च कमी, तिकडून सगळं धावतं. गिऱ्हाइकासारखंच. समोरच्याकडे जरा स्वस्त आहे म्हटलं की एका चपलेवर पळत सुटतं!

तर काम साधंच होतं. नव्या लाइनीचा आकडा अडीचशे. जुनीचा शंभर होता, तो हजार करायचा, म्हणजे गर्दी नव्या लाइनीवर वळली. फक्त हे दोन्ही टोकांना करावं लागतं. एकाच टोकाला केलं, तर जाणारं एका वाटेनं जातं आणि येणारं दुसऱ्याच वाटेनं येतं.

एकोणीस जानेवारी, गुरुवारची रात्र. दीड वाजता साडूनं नव्या इमारतीतलं टोक केलं. दुसऱ्यासाठी चार जिने उतरून तळघरात जायचं होतं. थंडी मरणाची. उद्या रात्री करू म्हणाला. कागदावर मात्र 'दोन्ही टोकं झाली' असं लिहून सही ठोकली आणि घरी जाऊन झोपला.

सव्वादोनला एक अपघातातला ट्रकवाला आला. स्कॅन जुन्या इमारतीच्या तळघरात काढला, ऑपरेशन नव्या इमारतीत. डॉक्टरांनी स्कॅन मागवला. मागणी नव्या लाइनीनं क्षणात पोचली. स्कॅन निघाला जुन्या लाइनीनं, आणि तिथे दिवसभराचा बॅकअप तुंबलेला. पडद्यावर नुसतं गोल गोल फिरतंय.

स्कॅन काढणारे गृहस्थ निवृत्तीला चार महिने राहिलेले. पेशंटला 'श्वास धरा... सोडा' असं वर्गात दटावल्यासारखं सांगायचे, म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणत. तिकडून डॉक्टर फोनवर ओरडताहेत. मास्तरांनी स्कॅन डिस्कवर उतरवला आणि पळाले. लिफ्ट बंद. चार जिने चढले, डिस्क हातात दिली. ट्रकवाला वाचला. मास्तर परत निघाले...

"आणि?"

पोचले नाहीत. तळघराच्या जिन्यात भिंतीला टेकून बसलेले. सकाळी झाडूवालीला वाटलं, डुलकी लागली असेल.

आठवड्यानं साडू दुकानात आला. शटर अर्धं ओढलं आणि रडायलाच लागला. "दादा, लोक म्हणतात हार्ट अटॅक. पण मला माहितेय. ती लाइन नीट चालली असती तर त्यांना पळावंच लागलं नसतं. ते टोक अजून तसंच आहे, तळघरात उतरायची हिंमत होत नाही."

मी व्यापारी माणूस. काय सांगितलं असेल? "झाकली मूठ सव्वा लाखाची. दोन पोरं आहेत तुला. एका रात्री गुपचूप जा आणि ते टोक करून ये. कोण बघतंय?"

कोण बघतंय... माझेच शब्द.

नऊ फेब्रुवारी. गुरुवारच. रात्रीचे दोन वाजून गेलेले. तळघरात तो एकटा. मशीनचे पंखे घोंघावताहेत. पडद्यावर जुन्या लाइनीचा आकडा, शंभर. त्यानं हजार टाकला, बटण दाबलं, पुन्हा पाहिलं.

शंभर.

काहीतरी चुकलं असेल. पुन्हा हजार.

शंभर.

तिसऱ्यांदा हजार लिहिला. बटणावर बोट नेलं... जिन्यात पावलं वाजली. वरून खाली. सावकाश. धापा टाकत. दाराशी येऊन थांबली.

"कोण आहे?"

...

पंखे थांबले. सगळे. एकदम.

आणि अगदी कानाशी...

"श्वास धरा."

धरला. त्यानं नाही, छातीनं धरला. सोडता येईना. पुढचा शब्द येईल म्हणून वाट पाहतोय. येत नाही. दिवे लुकलुकताहेत. डोळ्यांपुढे काळं. बोट उचलत नाही. ओठ तेवढे हलले. बिनआवाजाचे.

मी... दुसरं टोक... केलं नव्हतं. सही खोटी... माझी.

...

"सोडा."

साडू उठला तो बटण न दाबताच पळाला. कुलूप कसं लावलं, त्यालाच ठाऊक नाही. थेट माझ्या घरी आला आणि उजाडेपर्यंत माझ्यासमोर बसून राहिला. सकाळी साहेबांपुढे सगळं लिहून दिलं. मला विचारलं नाही. विचारलं असतं, तर मी पुन्हा तेच सांगितलं असतं.

नोकरी गेली. मग तो मास्तरांच्या घरी गेला, त्यांच्या बायकोसमोर उभा राहून सगळं बोलला. बाई एवढंच म्हणाली, "तो ट्रकवाला... घरी गेला ना?" यानं मान हलवली. बाई आत निघून गेली. साडू आता माझ्याच दुकानात तार मोजून देतो. मी अजून त्या बाईंच्या दाराशी गेलेलो नाही.

हो, एक राहिलं. त्या सकाळी साहेबांनी साडूकडून किल्ली घेऊन त्याच्यासमोरच तळघर उघडलं. आकडा हजार होता. तिथे कुठला बदल कधी झाला आणि कुणी केला, याची नोंद मशीन आपोआप ठेवतं. साहेबांनी तो कागद छापून काढला, साडूनं मला दाखवला. वेळ होती पहाटे पाच वाजून दहा मिनिटं. तेव्हा साडू माझ्या घरी, माझ्या समोर बसलेला होता.

आणि 'कुणी केला' त्या रकान्यात... काहीच नव्हतं.