चहाची खूण

औषधाची डबी रिकामी होती. डॉ. आम्रपाली गजभिये हिने ती उजेडाकडे धरून पाहिली, हलवून पाहिली, मग प्रयोगशाळेतल्या तराजूवर ठेवली. करंगळीच्या नखाएवढी ती डबी महिनाभर पुरेल अशा बेताने तिने स्वतः बनवली होती, आणि सोमवारी सकाळीच ती मास्कमध्ये नवी बसवली होती. एका पाळीत महिन्याचं औषध संपलं होतं.

"गळालं असेल," टेबलापलीकडून डॉ. हबीब काझी म्हणाले. काझी विषशास्त्रज्ञ होते. चौकशी समितीने त्यांना हैदराबादहून बोलावून घेतलं होतं, आणि आल्यापासून ते कोणत्याच गोष्टीवर पटकन विश्वास ठेवत नव्हते.

"गळालं नाही, सर. मास्कने ते माझ्या बहिणीला दिलंय. थोडं थोडं करून सगळं दिलंय."

नागपूरच्या दक्षिणेला शहरभरच्या जुन्या बॅटऱ्या मोडीत काढण्याचा कारखाना होता. सोमवारी तिथल्या तीन नंबरच्या दालनातली अकरा माणसं पाळी संपवून हसतखेळत घरी गेली. जेवली, झोपली. मंगळवारी सकाळपर्यंत त्यातल्या दहा जणांच्या फुफ्फुसांत पाणी भरलं आणि दहाही गेले. वाचली फक्त पाळीप्रमुख संघमित्रा, आम्रपालीची थोरली बहीण. अकरा जणांत दमा असलेली तेवढी ती एकटीच. धडधाकट दहा गेले आणि दमेकरी मागे राहिली, याचा अर्थ वस्तीने आपल्या परीने लावला होता. बहिणीला सोन्यासारखा मास्क दिला आणि आमच्या लेकरांच्या तोंडाला फडकं बांधलं, असं एका आईने आम्रपालीला दवाखान्याच्या दारात तोंडावर सुनावलं होतं. आम्रपालीने मान खाली घातली होती.

मास्क बहिणीसाठी बनवला होता हे खरंच होतं. गजभियांच्या घरातला दमा संघमित्राच्या वाट्याला आला होता आणि आम्रपालीला वगळून गेला होता. नोकरीला लागताना मित्राताईने तो लपवला. पुढे रोज आठ तास धुळीचा जाड मास्क लावून ती उभी राहायची. आतला दमट, उष्ण श्वास परत छातीत जायचा, मास्क ओला झाला की हवा ओढताना बरगड्या दिसायच्या. दोन मास्क बदलून तिसरा खिशात, पंप कमरेला, आणि बोलायचं शक्य तितकं कमी, अशी तिने स्वतःची एक पद्धत बसवली होती. ते पाहून पाहून आम्रपालीने आठ वर्षं घालवली आणि 'श्वाससखी' तयार केली. हा मास्क घालणाऱ्याचा प्रत्येक उच्छ्वास मोजायचा. श्वासनलिका आवळू लागल्याची पहिली चाहूल, माणसाला स्वतःला कळण्याच्या आधीच, त्याला लागायची. मग तो औषधाची सूक्ष्ममात्रा आतल्या आत सोडायचा. तीन आठवड्यांपूर्वी मित्राताईने तो पहिल्यांदा घातला, आणि त्या दिवशी घरी येऊन जिना न थांबता चढली.

"तुमची बहीण का वाचली ते कळलं," काझी डबी परत देत म्हणाले. "दालनात एक वायू गळत होता. नव्या जातीच्या बॅटऱ्यांतला डिंक जळला की तो तयार होतो. रंग नाही, वास नाही, डोळे चुरचुरत नाहीत. आपली यंत्रं ओळखीच्या वायूंवरच भुंकतात, हा त्यांच्या ओळखीचा नाही. मी त्याला मूकवायू म्हणतो. निरोगी माणसाला तो घेताना काही कळत नाही. दिवसभराचा साठला, की रात्री फुफ्फुसाचं अस्तर सुजतं आणि पाझरू लागतं. दमेकऱ्याची छाती मात्र त्याच्या नुसत्या झुळकीने आवळते. तिची आवळली, मास्कने औषध दिलं. पुन्हा आवळली, पुन्हा दिलं. तेच औषध सूजही धरू देत नाही."

"मग सगळ्यांना हाच मास्क दिला असता तर?"

"निरोगी छाती आवळतच नाही, तर तुमचा मास्क औषध देणार कशावर? आणि न विचारता दिवसभर देत राहिला तर त्यांची काळजं बंद पडतील." काझींनी चष्मा काढला. "मला त्रास वेगळ्याच गोष्टीचा होतोय. दालनाच्या छताला या वायूचा थर बसलाय, तो दोन वर्षांचा आहे. दोन वर्षं गळत होता, आम्रपाली. मग माणसं आत्ताच का मेली?"

याचं उत्तर मित्राताईकडे असेल म्हणून ती दवाखान्यात गेली.

मित्राताई खिडकीशी बसली होती. चांगली दिसत होती, आणि त्याचीच तिला लाज वाटत होती.

"ताई, मास्क येण्याआधी दालनात तुले त्रास झाला की तू काय करत होती?"

"काय करीन? चहाले जात होती."

"म्हणजे?"

"आत मास्क काढाची मनाई, तर पंप घ्याले बाहेर जा लागे. आजारी माणसाले एकटं सोडाचं नाही, हा एक नियम. पाळीप्रमुख नसली तर यंत्र चालवाचं नाही, हा दुसरा. मग काय, माझा दम लागला का सारी पाळीच बाहेर." तिच्या ओठांवर जुनं हसू आलं. "आत यंत्राचा इतका आवाज, तोंडं बांधलेली. मी अशी खूण करे." तिने डाव्या हातावर बशी धरली आणि उजव्या हाताने ती ओठांना लावल्यासारखी केली. "पंपाची नाही, चहाची. दम्याची खूण कोण करीन? आमच्या पाळीतला फुलझेले तर वाटच पाहे. म्हणे, ताई, आज तुमची छाती लय काम करून राहिली, अजून एक चहा होऊन जाऊ द्या. अर्धा-अर्धा तास लिंबाखाली बसत होतो आम्ही. साहेब चिडे."

"आणि मास्क आल्यावर?"

"मग कायचा चहा? दमच नाही लागला. तीन हप्ते यंत्र नाही थांबलं. साहेबानं पेढे वाटले." ती बोलता बोलता थांबली. आम्रपालीच्या चेहऱ्याकडे पाहत राहिली. "आमू, काहून अशी पाहून राहिली?"

सांगावं लागलं नाही. मित्राताई शाळेत जास्त शिकली नव्हती, पण दोन आणि दोन चार तिला कळत होते. दोन वर्षं मूकवायू सुटला की तिची छाती आवळायची, ती बशीची खूण करायची, आणि अकरा माणसं मोकळ्या हवेत जाऊन बसायची. वायू विरला की परत यायची. छातीने दिलेला इशारा कोणी इशारा म्हणून ओळखला नव्हता, तरी सगळे तो पाळत होते. मग मास्क आला आणि इशारा बंद झाला. सोमवारी वायू दिवसभर सुटला. मित्राताईने दिवसभर छान श्वास घेतला.

मित्राताई म्हणाली, "त्या पोराईचा चहा मी बंद केला."

"तू नाही. मी."

"दोघींनी," मित्राताई म्हणाली, आणि भिंतीकडे तोंड करून झोपली. आम्रपाली तिच्या पाठीवर हात ठेवून बसली. तिला रडायचं होतं, पण बहिणीच्या देखत रडण्याचा हक्क आपल्याला नाही असं तिला वाटत होतं.

कारखाना तीन महिने बंद राहिला. तेवढ्या काळात शहरात जुन्या बॅटऱ्यांचे डोंगर साचले, दोन ठिकाणी पेटले, आणि बंद करा म्हणणारेच सुरू करा म्हणू लागले. मूकवायू जागच्या जागी ओळखणारं यंत्र बनायला दीड वर्ष लागेल, असं काझींनी समितीला लेखी दिलं. तोवर काय, या प्रश्नावर समितीतल्या सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि मग सगळ्यांना एकच उत्तर सुचलं. ते स्वतःच्या तोंडाने बोलायला मात्र कोणी धजलं नाही. बोलली मित्राताई.

"मी जाते आत. बिनऔषधाची."

आम्रपालीने प्रयोगशाळेत काझींना धरलं. "मास्क औषधही देईल आणि त्याच क्षणी भोंगाही वाजवील. मी दोन दिवसांत जोडणी करते, सर."

"एकदा वाजवील. मग?" काझी शांतपणे म्हणाले. "औषध छातीत चार-सहा तास राहतं. तेवढा वेळ ती छाती बहिरी. दुसरी गळती झाली तर भोंगा वाजणार नाही. शिवाय तुमचा मास्क शहाणा आहे. कधी त्रास होतो ते शिकून तो आधीच औषध देऊ लागतो. मग मात्रा दिली ती छाती आवळली म्हणून की नुसत्या सवयीने, हे सांगणार कोण? तिचं रात्रीचं औषधही बंद करावं लागेल. मला आवडतंय म्हणून सांगत नाही. आत्ता आपल्याकडे असलेला एकमेव संवेदक म्हणजे उपचार न केलेला दमा."

"ती माझी बहीण आहे."

"म्हणूनच तुम्ही नका करू. दुसऱ्या कोणाला करू द्या."

आम्रपालीने ऐकलं नाही. मास्क तिचा होता, तिने स्वतःच तो उघडला. डबी काढली, मात्रेची नळी बुजवली, आणि बहिणीच्या श्वासाचा आवाज बाहेरच्या कक्षात ऐकू यावा म्हणून आत एक ध्वनिग्राहक बसवला. शेवटचं झाकण लावताना तिचा हात थांबला. अडीअडचणीला असावी म्हणून तिने एक मात्रा, एकच, आत ठेवून नळी पुन्हा मोकळी केली. लहानपणी ताई धाप लागून उकिडवी बसायची तेव्हा तिची पाठ चोळण्यापलीकडे आम्रपालीला काही करता येत नसे. एवढं तरी करावं, असं तिला वाटलं. तिने हे कोणाला सांगितलं नाही.

यंत्र सुरू झालं त्या सकाळी नवी दहा माणसं आत गेली. जुन्या पाळीतल्या फुलझेलेचा धाकटा भाऊ त्यांच्यात होता. मित्राताईने सगळ्यांना चहाची खूण शिकवली. "ही दिसली का हातातलं काम टाका. विचारत बसू नका." मग ती आपल्या जागेवर जाऊन उभी राहिली. आम्रपाली काचेपलीकडच्या कक्षात मास्कच्या नोंदी दाखवणाऱ्या पडद्यासमोर कानाला ऐकणी लावून बसली. कानात ताईचा श्वास येत होता, थोडा खरखरीत, पण सरळ.

पहिला चहा होण्याआधीच पडद्यावर हिरवा ठिपका उमटला. मास्कने मात्रा दिली होती.

कानातला श्वास पाण्यासारखा मऊ झाला. आत मित्राताई नव्या पोराला यंत्राची कळ दाखवत होती. तिला काही जाणवत नव्हतं आणि आता पुढचे काही तास जाणवणारही नव्हतं. आम्रपालीने काचेवर मुठी आपटल्या. आतल्या खडखडाटात ते कोणाला ऐकू जाणार? आतला भोंगा ओळखीच्या वायूंनाच जोडलेला होता, तो हाताने वाजत नव्हता, आणि दालनाचं दार इमारतीला वळसा घालून होतं. ती खुर्चीवर चढली, डाव्या हातावर बशी धरली आणि ओठांना लावली.

फुलझेलेच्या भावाने तिला पाहिलं आणि मित्राताईला कोपर मारलं. मित्राताई वळली. तिचे डोळे हसले. इतक्यात काय चहा, असा तिने हात हलवला. आम्रपालीने पुन्हा बशी उचलली. पुन्हा उचलली.

मित्राताईचं हसू विझलं. तिने एक दीर्घ श्वास घेतला, आणि तिचा हात सावकाश आपल्या मास्ककडे गेला. दुसऱ्याच क्षणी तिने कळ ओढून यंत्र बंद केलं आणि दोन्ही हात वर करून खूण केली. दहाही जण मागोमाग बाहेर पडले.

लिंबाखाली सगळे बसले, तेव्हा काझी छताजवळची हवा बाटलीत भरून घेऊन गेले. प्रयोगशाळेत तासाभराने कळलं, वायू होताच. पोरांना त्यातलं काही माहीत नव्हतं, ती पहिल्याच दिवशी मिळालेल्या सुट्टीवर खूश होती. मित्राताई बहिणीला जरा बाजूला घेऊन गेली.

"माझी छाती इतकी मोकळी काहून आहे, आमू?"

आम्रपालीने तिच्या मास्ककडे पाहिलं.

"किती ठेवलं होतं?"

"एकच. अडीनडीले."

"आज तू काचेमागं होती. तुह्या पडद्यावर दिसलं. त्याच्यानंतर पुन्हा सुटला असता तर? तेव्हा कोण सांगीन? तू का मी?" ती रागावली नव्हती, रागावली असती तर आम्रपालीला सोपं गेलं असतं. "मले माहीत आहे तू काहून ठेवलं. लहानपणी माही पाठ चोळता चोळता तूच झोपून जात होती. पण आता ते काढ. माह्यासमोर काढ."

मास्क तिने बहिणीच्या हातात दिला. आम्रपालीने झाकण उघडलं, नळी पुन्हा बुजवली आणि लिंबाच्या बुंध्याला टेकून उभी राहिली. मित्राताईने झाकण स्वतः घट्ट बसवलं.

औषध अंगातून उतरेपर्यंत त्या दिवशी दालन बंदच राहिलं. दुसऱ्या सकाळी यंत्र पुन्हा लागलं. समितीच्या माणसाने आम्रपालीच्या टेबलावर एक पत्रक ठेवलं. बाकीच्या दालनांसाठीही अशी माणसं हवी होती, आणि दम्याचा दाखला असणाऱ्यांना प्राधान्य होतं. तिने ते वाचलं आणि पालथं घालून ठेवलं. कानात ताईचा श्वास येत होता. आज तो स्वच्छ होता, काल रात्रीही तिला चांगली झोप लागली होती. चांगला श्वास, दुपारपर्यंत चांगला श्वास. हवा चांगली आहे, की सहा तास कधीच उलटूनही अजून औषध शिल्लक आहे? आम्रपाली एकेक श्वास कान देऊन ऐकू लागली. आत पोरं काम करत होती, ताई त्यांच्यात उभी होती, आणि ज्या आवाजाला आम्रपाली लहानपणापासून भीत आली होती त्याचीच आता ती वाट पाहत होती.

मग तो आला. श्वास सोडताना आधी बारीक, मग लांबलेली शिट्टी. काचेपलीकडे मित्राताईने छातीवर हात ठेवला, खाली वाकली, आणि वाकल्या वाकल्याच बशी उचलली.

आम्रपालीला हायसं वाटलं.