स्टेपनीमागचा पत्रा

दिवा राहू दे तसाच. आणि तू रे, दाराकडे पाठ करून बसलायस, तिथून ऊठ आणि इकडे सरक. उद्या आईला सांगशील, काकांनी घाबरवलं म्हणून. मी कुणाला घाबरवत नाही, घडलं तेवढं सांगतो. मिस्त्री माझ्या रोजच्या बसण्याउठण्यातला माणूस, सकाळचा चहा आमचा एकत्र व्हायचा.

गेल्या वर्षी मार्चमधला शेवटचा शनिवार. अमावास्या नुकतीच होऊन गेलेली, चंद्राची कोर दिवेलागणीलाच मावळली होती.

मिस्त्रीचं गॅरेज गावाबाहेर, नदीकडे उतरणाऱ्या रस्त्याला. मागच्या खोलीत तो आणि त्याचा भाऊ राहायचे. आईबाप लवकर गेले, मिस्त्रीनंच भावाला लहानाचं मोठं केलं, आणि त्या नादात स्वतःचं लग्न करायचं राहूनच गेलं. अख्खं गाव त्या भावाला धाकटा म्हणायचं. चांगला दाढीमिशीवाला बाप्या झाला, तरी धाकटाच! मिस्त्रीचा जीव की प्राण होता तो. जगात दुसरं होतं कोण त्याला?

तर त्या दिवशी गॅरेजात एक ट्रक आला होता. लष्करानं लिलावात काढलेला, आमच्या खडीवाल्यानं हौसेनं घेतलेला. नदीवरचा पूल तेव्हा दुरुस्तीला काढला होता, सगळी वाहतूक पात्रातल्या वाळूतून. चाकं रुतायची, म्हणून खडीवाल्यानं मूळ मापापेक्षा थोराड टायर चढवले. सगळे टायर चढले आणि मग गडी जागा झाला, की स्टेपनीचं काय? केबिनच्या पाठीमागे स्टेपनी उभी ठेवायची लोखंडी चौकट होती, ती जुन्या मापाची. नवा टायर तिच्यात जाईना. नाकापेक्षा मोती जड!

"मिस्त्री, काहीही करा पण बसवा," खडीवाला म्हणाला. "सकाळी गाडी कामाला लागणार."

"बसेल. पण हौद्याच्या पुढच्या फळ्या कापाव्या लागतील."

"कापा की. फळ्या काय कपाटात जपून ठेवायच्यात?"

दोघं भाऊ दिवसभर त्यालाच झोंबले. चौकट कापून रुंद केली, फळ्या कापल्या, साखळीनं टायर उचलून आत घातला. अर्धा टायर हौद्यात आला. चालत्या गाडीत तो खडखडू नये म्हणून मिस्त्रीनं केबिनच्या पत्र्याला असा आवळला, की मध्ये बोटसुद्धा जाईना. केबिनची मागची काच पार झाकून गेली.

"दादा, काच गेली की," धाकटा म्हणाला.

"मागे बघायचंय काय? खडीच ना?"

धाकटा हसला, पण पोट धरून. सकाळपासून त्याच्या पोटात दुखत होतं. दुखतंय म्हटलं तर दादा काम टाकून बसेल, म्हणून बोलला नव्हता.

जेवणं झाली आणि तो गडबडा लोळायला लागला. उलट्या थांबेनात. मिस्त्रीनं अँब्युलन्सला फोन लावला. ते म्हणाले, पात्रातून आमची गाडी निघत नाही, पेशंटला शहरात घेऊन या. दारात ट्रक उभा होता आणि किल्ली मिस्त्रीच्या खिशात होती.

केबिनमध्ये दोनच सीटा, त्याही ताठ. धाकट्याला बसवत नव्हतं. मिस्त्रीनं हौद्यात गादी टाकली आणि केबिनकडे डोकं करून त्याला उताणं निजवलं. नदीतल्या दगडगोट्यांवर गाडी उसळणार, हा घरंगळून पडेल, म्हणून माल बांधायचा रुंद पट्टा छातीवरून घेऊन खटक्यानं आवळला. ढिलं काम त्या माणसाला ठाऊकच नव्हतं. एक हात तेवढा पट्ट्याबाहेर ठेवला.

तो ठोकण्यासाठी. गाडी चालवून बघायला नेली, की धाकटा नेहमी मागे उभा राहायचा आणि केबिनच्या पत्र्यावर ठोकायचा. एक ठोका म्हणजे थांब. दोन म्हणजे ठीक आहे, चल. फोनचा उपयोग नव्हता, उतारापासून पुढे रेंजच नाही.

"काही वाटलं की एक ठोका दे. जागच्या जागी थांबतो."

"हळू चालव हं दादा."

"गप पड. पोचलोच आपण."

हे दोघांचं शेवटचं बोलणं.

आता तुम्ही म्हणाल, पत्र्यापुढे टायर आलाय हे मिस्त्रीच्या ध्यानात कसं नाही आलं? बाबांनो, ज्याचा भाऊ तळमळतोय, त्याचं डोकं ठिकाणावर असतं का? हाताला जुनी सवय, तोंडाला जुनी सवय. त्यानं स्टार्टर मारला आणि निघाला.

रस्ता अंधारात बुडालेला. समोर दिव्यांचा उजेड, त्यापलीकडे काही नाही. उताराच्या पहिल्या वळणावर मागून आवाज आला.

ठक ठक.

मिस्त्रीचा जीव भांड्यात पडला. "शाब्बास रे पठ्ठ्या," तो मोठ्यानं म्हणाला आणि पाय दाबला. पुढच्या वळणावर गाडी खड्ड्यात आदळली. त्याला वाटलं थांबावं, उतरून बघावं.

ठक ठक.

ठीक आहे. चल.

असं उतारभर चाललं. त्याच्या मनात आलं की थांबावं, की लगेच दोन ठोके. जणू मनातलं ऐकून कुणी उत्तर देत होतं. त्याला बरंच वाटत होतं. भाऊ शुद्धीवर आहे, सोबत करतोय. देवाचे आभार मानत तो नदीत उतरला.

वाळू लागली. गाडी गुरगुरत, रांगत चालली. वाळूत थांबायचं नसतं. थांबलात की चाकं बसतात, मग सकाळपर्यंत कुणी काढणारं नाही. पात्राच्या मधोमध आला असेल. एका दगडावरून गाडी कलली, तशी त्यानं सवयीनं मान वळवून मागच्या काचेतून बघितलं.

काचेत रबर होतं.

काळं. काचेला चिकटून दाबलेलं… त्यानंच संध्याकाळी आवळलेलं.

पत्राही त्याच्याच आड होता. बोट जात नव्हतं मध्ये…

मग…

ठक ठक.

अगदी कानामागे.

मिस्त्रीचा पाय पेडलवरून सुटला. गाडी मंदावली. चाकं वाळूत बसायला लागली.

ठक ठक. ठक ठक. ठक ठक.

चल. चल. चल.

"धाकट्या!" तो ओरडला. "धाकट्या रे!"

…

इंजिनाच्या घरघरीत काही ऐकू येईना. थांबता येत नव्हतं. थांबला तर गाडी रुतणार, भाऊ तिथेच… त्यानं पाय दाबला. शेजारच्या सीटकडे बघितलं नाही. का, ते त्यालाही सांगता आलं नाही. नुसतं बघवेना.

गाडी पलीकडच्या काठावर चढली. त्यानं इंजिन बंद केलं.

शांत.

एक ठोका नाही. कण्हणं नाही. काही नाही.

मोबाइलची बॅटरी लावून तो मागे चढला.

धाकट्याचे डोळे उघडे होते. तोंडाला, गळ्याला ओकारी. मोकळा हात डोक्यामागे टायरवर टेकलेला होता. बोटांची पेरं सोलून निघाली होती. आणि रबरानं काळी झाली होती, सगळीच्या सगळी.

त्यानं ठोकलं होतं रे. एकेक ठोका दिला होता, किती वेळ, देव जाणे. पण रबरावर ठोकलं तर आवाज येतो का?

…

तरी मिस्त्री थांबला नाही. पट्टा सोडला, भावाला कुशीवर वळवलं, वेड्यासारखी पाठ चोळली, आणि गाडी घेऊन शहर गाठलं. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई वयानं लहानच होत्या. त्यांनी तपासलं आणि म्हणाल्या, "दुखणं ऑपरेशननं बरं होण्यासारखं होतं, दादा. उताणे होते, उलटी घशात अडकली. कुणी वेळेवर कुशीवर वळवलं असतं तरी…" त्यांनी चादर वर ओढली. नंतर म्हणाल्या, "अंग गार पडलंय. जाऊन बराच वेळ झाला."

मिस्त्रीनं विचारलं, "नदीच्या आधी?" त्यांना बिचाऱ्यांना कुठली नदी ठाऊक असणार!

गॅरेज बंद झालं ते झालंच. मिस्त्री चहाला यायचा, पण कप पुढ्यात गार व्हायचा. आम्ही समजूत काढायचो. इंजिनाचा आवाज असेल, एखादी पट्टी ढिली असेल, तीच वाजली असेल. तो ऐकून घ्यायचा. एकदा म्हणाला, "माझ्या हातचं काही ढिलं नसतं."

खडीवाल्यानं तो ट्रक पुन्हा वापरला नाही. भंगारात द्यायच्या आधी टायर काढायला मिस्त्रीच गेला. दुसऱ्या कुणाला हात लावू देईना. सोबत मी होतो, म्हणून हे सांगतोय, नाहीतर मीसुद्धा ऐकीव म्हणून सोडून दिलं असतं.

नटबोल्ट सोडले. साखळीनं टायर मागे ओढला. मागचा पत्रा उघडा पडला.

मिस्त्री त्यावर हात फिरवत राहिला. मग माझा हात धरून त्यानं तिथे टेकवला.

पत्र्याला उठाव आले होते. छोटे, बोटाच्या पेराएवढे. दोन-दोनच्या जोडीनं, एकाखाली एक. शेजारच्या सीटच्या मागे, बसलेल्या माणसाचा हात जिथे पोचेल, तिथे.

आणि ते बाहेर आले होते… आतून बाहेर.