खिशातली हातोडी

मुलगी पियानोवर बसते तेव्हा पियानो सुरात लावणाऱ्या बापाचीही परीक्षा असते. तीस वर्षं हे काम करतोय, पण त्या सकाळी प्रत्येक सूर दोनदा तपासत होतो. माझ्या लेकीचं, चिमणीचं, हे शेवटचं वर्ष. अठरा पूर्ण झाली की संगीत विद्यालयाचं दार बंद, आणि जागा एकाच जोडीला. एक व्हायोलिन, एक पियानो. व्हायोलिनवर माझ्या बहिणीचा मुलगा, लंबू. दोघं लहानपणापासून एकत्र वाजवतात आणि त्याहून जास्त भांडतात.

सभागृहात मी एकटाच होतो. मधल्या ए या सुराची हातोडी तडकलेली निघाली. पट्टी दाबली की हीच हातोडी तारांवर आपटते, तेव्हा कुठे सूर निघतो. ती काढून सरस लावला, दोऱ्याने आवळली आणि वाळेपर्यंत बाकीचं यंत्र आत सरकवून ठेवलं. तेवढ्यात फोन आला.

"बाबा, माझा चष्मा घरीच राहिला!"

"डोकं तरी आणलंयस ना?" असं म्हणत हातोडी कोटाच्या खिशात टाकली आणि घराकडे पळालो. परत आलो तर खुर्च्या भरल्या होत्या. चष्मा तिला देऊन मी घामाघूम होऊन तिसऱ्या रांगेत बसलो.

दोघं मंचावर आले. व्हायोलिन नेहमी पियानोच्या ए वरून जुळवतात.

"ए दे गं," लंबू म्हणाला.

घाम पुसायला मी रुमाल काढायला गेलो, आणि बोटांना हातोडी लागली.

अरे गाढवा, काय केलंस हे! ओरडायला तोंड उघडलं, तोवर चिमणीने पट्टी दाबली होती.

ए वाजला.

अगदी स्वच्छ. लंबूने निवांत तारा जुळवल्या. मला वाटलं, घाईत भलतीच हातोडी काढली असणार. प्रत्येक हातोडीवर आकडा कोरलेला असतो. खिशातल्या खिशात अंगठ्याने चाचपला. एकोणपन्नास. म्हणजे मधला ए च. शेजारच्या तारांचा अनुनाद म्हणावा, तर शेजारी काहीच वाजत नव्हतं.

मग मी फक्त तोच सूर ऐकत राहिलो. बाकीचे सूर हलकी ठोकर खाऊन सुरू होत. याला ठोकरच नव्हती. मिटल्या ओठांनी कुणी गुणगुणावं तसा तो यायचा. चिमणी घाबरली की पुढे पळते, ही तिची जुनी खोड. आज ती पळायला लागली की तो सूर जरा लांबायचा, आणि आयुष्यात कुणासाठी न थांबणारी माझी पोर त्याच्यासाठी थांबायची. इतकं सुंदर तिने कधीच वाजवलं नव्हतं. मला रडू आवरेना, आणि भीतीही.

संध्याकाळच्या शेवटच्या फेरीसाठी त्यांचं नाव आलं. चिमणी येऊन गळ्यातच पडली.

"बाबा, तो ए काय लावलायत हो! हात धरून चालवल्यासारखं वाटलं. आता पियानोला हात लावायचा नाही, सांगून ठेवते."

"मामा, ऐका तिचं," लंबू म्हणाला. "मी रोज ऐकतो, बघा कसा वाळलोय."

पण माझा जीव राहीना. पोरीचं भविष्य असं कुणाच्या भरवशावर कसं सोडू? सभागृह रिकामं झाल्यावर हातोडी बसवायला मंचावर गेलो. ए ची पट्टी दाबली.

ठक.

पुन्हा दाबली. नुसतं लाकूड वाजलं.

पेचकस आणि हातोडी घेऊन वाकलो. कान तारांजवळ आला.

आतून कुणीतरी हळूच घसा खाकरला.

गायला बसण्याआधी खाकरतात, तसा.

बाहेर लोकांची चाहूल लागली. मी हातोडी परत खिशात ठेवली.

"पोरीला सांभाळून घ्या," एवढंच म्हणालो आणि खाली उतरलो.

शेवटची फेरी. लंबूने व्हायोलिन खांद्यावर घेतलं.

"ए दे गं."

ए आला. लंबू डोळे मिटून तारा जुळवू लागला.

चिमणी माझ्याकडे बघून हसली. तिचे दोन्ही हात अजून मांडीवरच होते.