श्वासपट्टीला न कळलेला आवाज

कढईत मोहरी तडतडली, लाल मिरची पडली आणि राहीच्या छातीवरची श्वासपट्टी नारिंगी झाली. तिला जोडलेल्या मोबाइलच्या पडद्यावर तेच दोन शब्द उमटले : ‘अनोळखी आवाज’.

आठवड्यातली ही तिसरी वेळ. या पट्टीवरच्या संशोधनाचा नियमच होता, तीन अनोळखी आवाज झाले की मूल परत वॉर्डात. अडीच वर्षांची राही जन्मापासून वॉर्डातच होती. स्वरयंत्राखाली श्वासाची वाट बंद, म्हणून गळ्यात नळी. रडली तरी आवाज फुटत नसे. कराडच्या घरी येऊन तिला नऊ दिवस झाले होते, तेही या बोटभर पट्टीच्या भरवशावर. अनुभवी परिचारिकांना कानाने कळणारे श्वासाचे आवाज त्या पट्टीला शिकवलेले होते.

इशारा वॉर्डातही पोचला होता. वीस मिनिटांत तिथल्या हेमांगी सिस्टर आल्या. संशोधन त्यांचंच.

“गाडी आणलीत?” राहीच्या आईनं, प्रणोतीनं विचारलं. वॉर्डात न्यायची भरलेली पिशवी तिच्या हातातच होती.

“आधी सांग, खोकली का?”

“नाही. खोकला मला कळतो. नाक मुरडलं आणि फुस्स केलं. तिन्ही वेळा.”

“तिन्ही वेळा फोडणी होती,” सासूबाई आतून म्हणाल्या. “तुमचं यंत्र दवाखान्यातल्या पांचट वरणावर वाढलंय, त्याला काय कळणार!”

हेमांगी हसता हसता थांबल्या. फुस्स, म्हणजे शिंक? नाकातून हवाच जात नसेल तर शिंक येईल कशी?

त्यांनी आपल्या पिशवीतून कापूस काढला आणि एक तंतू राहीच्या नाकाशी धरला. ही त्यांच्या आईची सवय. आईही परिचारिका. गेल्या वर्षी शेवटचे दोन महिने ती वॉर्डात पडून एवढंच विचारत होती, ‘घरी कधी?’

तंतू हलला.

“पंख्यानं असेल,” प्रणोती पुटपुटली.

सासूबाईंनी झटकन पंखा बंद केला. तंतू पुन्हा हलला.

“वाट उघडतेय, प्रणोती!” हेमांगींचा आवाज चढला. “वॉर्डात कळलंच नाही कुणाला. तिथं शिंक यावी असं काही नव्हतंच!”

त्यांनी हात धुतले, नळीतला कफ ओढायचं यंत्र हाताशी घेतलं. राहीनं श्वास घेतला. ती तो सोडत असताना हेमांगींनी क्षणभर नळीच्या तोंडावर बोट ठेवलं, हवा वर स्वरयंत्राकडे जावी म्हणून.

“आऽ.”

बारीक, खरखरीत आवाज. राही दचकली आणि कोण बोललं ते बघायला मागे वळली.

प्रणोतीच्या हातातली पिशवी खाली पडली. पट्टी पुन्हा नारिंगी झाली.

तेवढ्यात डॉक्टरांचा फोन आला. “सिस्टर, चौथा अनोळखी आवाज दिसतोय. गाडी पाठवू?”

“पाठवा. दुर्बिणीनं गळा तपासायचाय, मग घरी परत. आणि डॉक्टर, वॉर्डात नळीवर आत्ता मुलं किती?”

“अकरा.”

राही नळीकडे बोट नेत होती. पुन्हा तो आवाज हवा होता तिला.

“त्यातल्या कितींना शिंक येऊ शकते,” हेमांगींनी विचारलं, “हे आजवर कुणी बघितलंय?”