नित्याच्या वाट्याची सुई

सुधींद्रकाका शाल घेऊन आले होते, ती नित्याच्या अंगावर नीट बसते की नाही हे पाहायला! चाकांच्या खुर्चीवरून ती ऐन वेळी घसरेल, एवढीच त्यांना काळजी. मैलापूरच्या त्या दोन खोल्यांच्या घरात नित्याची आई कनका आत सांबार ढवळत होती, वडील भीमसेनराव पेपरात डोकं खुपसून बसले होते, आणि काका पुतणीच्या खांद्यावर ती जांभळी शाल टाकून, दोन पावलं मागे सरून सांगत होते की उद्याच्या मेळाव्यात पहिला सत्कार हिचाच. आपल्या तंजावरकर मराठी मंडळींत अशी त्यागी मुलगी झाली नाही.

“कसला त्याग, काका?” नित्यानं विचारलं.

काका कौतुकानं हसले. किती हा विनय! धाकट्या बहिणीसाठी पोरीनं आपल्या वाट्याची सुई सोडली, कनकावहिनीनंच तर साऱ्या नातेवाइकांना सांगितलं होतं...

स्वयंपाकघरात डाव खाली पडला. तो उचलल्याचा आवाज काही आला नाही.

दोघी बहिणींना एकच आजार होता. आईबापांच्या रक्तात तो गुपचूप बसलेला. त्या दोघांना त्याची झळ नाही, आणि मुली मात्र जन्मतःच त्याच्या तावडीत! स्नायूंना हलवणाऱ्या नसाच हळूहळू मरायच्या आणि अंग लुळं पडत जायचं. नऊ वर्षांची जननी अजून टेकून बसत होती, पण हल्ली तिला घास गिळताना ठसका लागे. तेवीस वर्षांच्या नित्याच्या उजव्या हाताची दोन बोटं तेवढी राहिली होती. गेल्या पोंगलच्या सणाला अंगठा रुसला तो रुसलाच. त्या दोन बोटांवर ती घरबसल्या एका विमा कंपनीच्या ग्राहकांना उत्तरं लिहायची, पगार मिळवायची, जगाशी बोलायची. ती गेली की सगळंच गेलं!

आणि औषध निघालं होतं. पाठीच्या कण्यातल्या पाण्यात सुईनं सोडायचं, जन्मभर पुन्हापुन्हा घ्यायचं, गेलेलं परत न देणारं पण उरलेलं बहुधा राखणारं. विकत घ्यायचं तर भीमसेनरावांसारख्या बँकेतल्या कारकुनानं त्याचं नावही काढू नये. एक परदेशी संस्था ते फुकट देत होती, पण एका घरात एकालाच. इस्पितळातून घरी आल्यावर अम्मानं सांगितलं होतं की ते फक्त लहान मुलांनाच देतात, मोठ्यांना घेतच नाहीत. नित्यानं विश्वास ठेवला. आपण थोडं उशिरा जन्मायला हवं होतं असं म्हणून एकदा उशीत रडून घेतलं आणि मग जननीसाठी हसली... वेडी कुठली!

म्हणजे मोठ्यांनाही घेत होते, आणि नकार तिच्या नावानं अम्मानंच दिला होता! आता तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. लहानपणापासून हेच चाललं होतं. खिडकीजवळची खाट जननीला, कारण नित्या समजूतदार. फिरायला समुद्रावर जननी, कारण दोन खुर्च्या रिक्षात मावत नाहीत आणि नित्या समजूतदार. तेही तिनं कधी मनाला लावून घेतलं नव्हतं. पण हे? तिचा श्वास, तिची बोटं, तिचं उभं आयुष्य परस्पर देऊन टाकलं, आणि वर शाल!

“अप्पा, तुम्हाला ठाऊक होतं?”

पेपर खाली आला नाही. भीमसेनरावांनी जन्मभर मूग गिळले होते, आजही गिळले. नित्यानं काकांना शाल काढून घ्यायला सांगितलं आणि अम्माला म्हणाली, सोमवारी जननीला इस्पितळात घेऊन निघाल तेव्हा मीही येणार.

ही आता तिथं जाऊन जागा मागणार, असंच कनकाला वाटलं. रविवारभर तिनं मुलीची वेणी घातली, तिला भरवलं, पाठ पुसली, पण नजर म्हणून मिळवली नाही.

सोमवारी इस्पितळात डॉक्टर सुष्मितांनी नित्याला पाहिलं आणि तमिळमध्ये म्हणाल्या, तू आपणहून नाही म्हणालीस हे ऐकून मला वाईटही वाटलं आणि अभिमानही. तू सज्ञान, म्हणून तुझ्याशीच बोलायचं होतं, पण अम्मा म्हणाल्या, तुला त्या विषयाचा त्रास होतो.

“मला कुणी विचारलंच नाही, डॉक्टर,” नित्या म्हणाली.

डॉक्टरांचा चेहरा उतरला. त्या कनकाला काही बोलणार, तोच कनका मुलीच्या खुर्चीपाशी खाली बसली आणि पदरात तोंड धरून रडू लागली. “जननीला देशील का म्हणून विचारलं असतं आणि तू नाही म्हणाली असतीस, तर मी कुणाचं ऐकायचं होतं, कण्णा, माझ्या बाळा? आणि हो म्हणाली असतीस... तू हो म्हणशील हे मला ठाऊक होतं गं. ते तुझ्या तोंडून ऐकायची छाती झाली नाही माझी.”

तेवीस वर्षं जिनं रात्रीबेरात्री उठून मुलीची कूस बदलली, ती बाई पायाशी हुंदके देत होती... नित्याचा जीव गलबलला, पण राग काही ओसरला नाही. तो का ओसरावा?

“मग आता विचार,” ती म्हणाली.

कनकानं वर पाहिलं. मग मोठ्या कष्टानं शब्द आले. “नित्या... तुझ्या वाट्याची सुई जननीला देशील का?”

नित्या मांडीवरच्या आपल्या दोन बोटांकडे पाहत राहिली. आईला ते क्षण कापत गेले, पण आज नित्यानं घाई केली नाही.

“मलाही हवी आहे, अम्मा. फार हवी आहे. हे आधी ऐकून घे.” नित्या म्हणाली. “जननीचा घास अडकतो. तिला दे. पण हे आत्ता मी देते आहे. आणि पुढची जागा निघेल तेव्हा नाव माझं लागेल, फोनवर मी बोलेन. माझ्या वतीनं पुन्हा कुणी समजूतदार व्हायचं नाही.”

कनकानं तिची ती दोन बोटं डोळ्यांना लावली. मग तिथूनच सुधींद्रकाकांना फोन करून रडत सांगितलं की काल टळलेला तो सत्कार आता पुन्हा ठरवू नका. माझ्या मुलीनं दिलं नव्हतं, मी तिच्याकडून हिसकावलं होतं. बरोबर येऊन दारात उभ्या राहिलेल्या भीमसेनरावांनी मान खाली घातली. आत येऊन ते थोरलीच्या डोक्यावर हात ठेवून उभे राहिले. “मला ठाऊक होतं, बाळ,” ते म्हणाले.

जननीला कुशीवर वळवून, गुडघे पोटाशी घेऊन निजवलं. नर्सनं खांदे धरले. पोरगी थरथरत होती, म्हणून नित्याची खुर्ची अगदी टेकवून ठेवली आणि तिची दोन बोटं जननीच्या मुठीत दिली. सुई कण्यात शिरली, थोडं पाणी बाहेर आलं आणि औषध सावकाश आत गेलं.

“अम्मा,” जननीनं डोळे मिटूनच विचारलं, “अक्का का नाही घेत सुई?”

समजुतीचं उत्तर कनकाच्या अगदी ओठावर आलं होतं. तिनं ते गिळलं आणि म्हणाली, “अक्कालाच विचार.”